छायाचित्रण : उना गॅरिक

कूजीच्या किनाऱ्यावर उनानं कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला घेतला, आणि एक उंच माणूस बगलेत फळ्या मारून सरळ चौकटीत शिरला.

“अहो फळीवाले, मागे नायिका बुडतेय... जरा सरकता का?”

तो थबकला. “कॅमेऱ्यावर... बाई?”

“बाईच. सरका, नाहीतर ती पुन्हा बुडायची.”

तो सिरिल पेनहेल. मूकपटातल्या संवादांच्या पाट्या रंगवायला कंपनीत नवाच आलेला. त्यानं पाट्या रंगवायच्या, उनानं कॅमेऱ्यानं त्यांचं चित्रण करायचं.

“तुमची अक्षरं तिरकी येतात,” ती एकदा म्हणाली.

“तुम्ही शेजारी उभ्या असता तेव्हाच...”

ती भिंगातच बघत राहिली, पण कानाच्या पाळ्या तापल्या.

वर्षभर कमरेएवढ्या लाटांत, कड्यावर दोरानं बांधून घेऊन उनानं तो मूकपट टिपला. आणि शेवटी मालक व्हिटकोमनं फर्मावलं, “छायाचित्रणाच्या पाटीवर माझ्या पुतण्याचं नाव घाला. बाईचं नाव वाचून कोण तिकीट काढणार?”

पुतण्यानं कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता. उना तडक सिरिलच्या खोलीत गेली. त्यानं ‘छायाचित्रण’ एवढंच लिहून कुंचला थांबवला होता.

“ही फळी मला द्या. मी लिहिते. तुमची नोकरी कशाला घालवू?”

“तुमच्या अक्षरात? ते मला बघवणार नाही.”

त्यानं लिहिलं. सावकाश, एकही अक्षर तिरकं न येऊ देता. तिनं दांडा फिरवला, आणि ती पाटी स्वतःच्या हातानं रिळाला जोडली.

पहिल्या खेळाला ते नाव पडद्यावर उमटलं, तेव्हा तिसऱ्या रांगेत तिचे ट्रामचालक वडील टोपी काढून उभे राहिले.

खेळ सुटताच व्हिटकोमनं दारातच दोघांना गाठलं. “उद्यापासून येऊ नका.”

“उद्या कशाला?” उना म्हणाली. “आत्ताच निघालो.”

बाहेर भुरभुर पाऊस होता. दोघं ट्रामच्या थांब्यावर येऊन उभे राहिले.

“मेलबर्नच्या एका कंपनीला कॅमेरा चालवणारं माणूस हवंय,” ती म्हणाली. “पत्र टाकलंय मी. खाली पूर्ण नाव लिहून.”

“पाट्या रंगवणारा लागेल का त्यांना?”

“ते नाही विचारलं... पण मला नवरा लागेल. याल?”

जन्मभर दुसऱ्यांचे संवाद रंगवणाऱ्या सिरिलला एक शब्द सापडायला दोन ट्राम सोडाव्या लागल्या.

“येईन,” तो म्हणाला. तिसऱ्या ट्राममध्ये उना आधी चढली, आणि तिनं त्याला हात दिला.