मागच्या फळीवरचं इंजिन

होडीची जुनी इंजिनं जमवायचा मला नाद आहे. होडीच्या मागच्या फळीवर अडकवायची, दोरी ओढून सुरू करायची, आता कुणी बनवत नाही अशी. शेडमध्ये ती ओळीनं टांगलेली आहेत. "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं," असं बायको प्रत्येक नव्या इंजिनाला म्हणते. परवा आलेल्या इंजिनाला मात्र ती काही म्हणाली नाही.

ते तळ्यात मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यात आलं होतं. माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कित्येक वर्षांपूर्वी होडी घेऊन त्याच तळ्यावर गेले आणि परत आलेच नाहीत. ना होडी सापडली, ना ते. तेव्हापासून ताई धड ना इकडची, ना तिकडची. आता शाळेतल्या मास्तरांनी तिला मागणी घातली होती. उत्तरासाठी ते फाटकाबाहेर येरझाऱ्या घालत होते, आणि शेडमध्ये ताई.

"त्यांचंच आहे का ते, कळेल ना तुला?"

"कळेल. तू आधी बस बघू."

ती बसली नाही. मलाही बसवत नव्हतं.

अशा इंजिनांची पाटी कधीच गळून पडलेली असते. ओळखायचं ते दुरुस्त्यांवरून. मी टाकीवरचं वाळलेलं शेवाळ खरवडलं. खालच्या बाजूला चीर बुजवणारा पितळेचा डाग निघाला. तो मीच मारला होता, वाकडा, आणि भावोजींनी त्यावरून मला वर्षभर चिडवलं होतं. माझे डोळे भरून आले. इंजिनाची पकड अजून एका कुजक्या फळीला घट्ट धरून होती. फळीसकट बुडालं, म्हणजे होडीसकट बुडालं.

"त्यांचंच आहे," मी म्हणालो. "होडी बुडाली, ताई. ते गेले."

ती बराच वेळ रडली. मग तिनं तोंड पुसलं. इतक्या वर्षांत तिचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता.

मी सवयीनं इंजिनाचं वरचं चाक फिरवून पाहिलं. पाण्याच्या तळाशी राहिलेलं इंजिन आतून गंजून जाम होतं, हातोडीलाही दाद देत नाही.

हे फिरलं. अलगद.

पेट्रोलचा वास आला, ताजा.

मी पान्यानं प्लग काढला. तो गंजका, चिखल भरलेला निघायला हवा होता. टोक कोरडं होतं, बदामी रंगाचं. रोज चालणाऱ्या इंजिनाचं असतं तसं. बोटं पोळली आणि तो हातातून पडला.

"काय झालं?"

"काही नाही. निसटला."

"मग मास्तरांना हो सांगू ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. ताईनं इंजिन वळवायच्या दांड्याची मूठ धरली होती. तिनं हात उचलला, तळव्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवला.

"कोमट आहे रे," ती म्हणाली. "आत्ताच कुणी हात काढल्यासारखी."

मी पडलेला प्लग पायानं बाजूला सारला.

"मास्तरांना जायला सांग."

मी दारातून वळून पाहिलं. मुठीवरची तिची बोटं सैल पडली होती, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यावीत तशी.