खालून जांभळी लाइट

ही घटना खरी आहे. खोटी रचायची असती तर मी तिच्यात स्वतःला एक गाडी तरी दिली असती.

साल २००६. दसरा.

त्या वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच तारखेला आली होती. म्हणजे सरकारी नोकरांची एक सुट्टी बुडाली. माझे गुणाकर मावसाजी सरकारी नोकरीत. ते सकाळपासून कोणाशी बोलत नव्हते. त्यामुळे तारीख पक्की लक्षात आहे.

गाव बालाघाट, गोंदियाच्या पलीकडचं, मध्य प्रदेशातलं. वेळ भर दुपारची.

भुताच्या गोष्टीत रात्र लागते, मला माहीत आहे. पण आमच्याकडे तेव्हा लाइट दुपारी जायची. भूतही बहुतेक तेच टाइमटेबल पाहून आलं.

मी संकेत. तेव्हा बारावीत होतो. माझा मावसभाऊ कुशल, तोही बारावीत. फरक एवढाच की त्याच्याकडे कम्प्यूटर होता अन् माझ्याकडे सायकल.

कम्प्यूटर अभ्यासासाठी घेतला होता. अभ्यास कशाचा, तर गोंदियाहून आणलेल्या एका सीडीचा. गाड्यांची गेम. अख्खं शहर मोकळं. पाहिजे तिकडे गाडी पळवा, कोणाशीही रेस लावा, जिंकलं की गाडी सजवा. रंग बदला, चाकं बदला, मागं पंख लावा, खालून लाइट लावा.

त्या शहरात कायम रात्र असायची. अन् रस्त्यावर एकही माणूस नाही. फुटपाथ रिकामे.

हे लक्षात ठेवा.

कुशलची गाडी जांभळी होती. जांभळा रंग मी सुचवला होता. खालून सोडलेली जांभळी लाइट, तीही मीच. रंग माझा, लाइट माझी... गाडी त्याची.

मला खेळायला मिळत नसे. "दोन नावं टाकली का कम्प्यूटर हँग होते," कुशल सांगायचा. माझं काम बाजूच्या खुर्चीवर बसून कोपऱ्यातला नकाशा पाहायचं अन् "डावी, उजवी" ओरडायचं.

मी जळायचो. लपवत नाही. घरी जाताना सायकल उभी करून मी वाकून तिच्या खाली पाहायचो.

चेनचं ऑइल दिसायचं.

पण त्या गाडीवर जळणारा मी एकटा नव्हतो.

मावशीच्या घरामागच्या खोलीत तेजरामभाऊ भाड्यानं राहायचे. बालाघाट-वारासिवनी सवारी जीप चालवायचे. पांढरी कमांडर. डावा आरसा सायकलच्या ट्यूबनं बांधलेला. जीप त्यांची नव्हती, मालकाची होती, अन् मालक तिच्यावर साधं स्टिकर चिकटवू देत नव्हता.

खेप संपली की तेजरामभाऊ खिडकीचे गज धरून बाहेर उभे राहायचे. तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. डोळे गेमवर. त्यांची सावली थेट स्क्रीनवर पडायची.

"भाऊ, सरका ना जरासे," कुशल मागं न पाहता म्हणायचा.

सावली सरकायची.

"कुशलबाबू, मले एक खेप मारू दे ना."

"तुमाले नाही जमणार, भाऊ. हे जीप नोहे."

"बरं, लाइट तं पाहू दे. म्या मालकाले म्हटलं, अशी लाइट खालून लावून द्या. अंधारात सवारी उतरते तं चप्पल तरी दिसन तिले. तं मालक म्हणे, जीप आहे का बारात?"

मग ते माझ्याकडे पाहायचे. मी त्यांच्याकडे. एकाच गाडीवर जळणारी दोन माणसं एकमेकांना ओळखून असतात.

पोळ्याच्या आधी तेजरामभाऊ वारले. ॲक्सिडेंट नाही, तुम्हाला तसं वाटलं असेल. कावीळ. मालक आला, आधी जीपचे टायर दाबून पाहिले, मग मावशी-मावसाजींना नमस्कार केला अन् जीप घेऊन गेला.

आता दसऱ्याचं ऐका.

दर दसऱ्याला त्या जीपची पूजा उमा मावशी करायची. तेजरामभाऊंना घरचं कोणी नव्हतं. जीप फाटकापाशी धुऊन उभी राहायची. बोनेटवर स्वस्तिक, झेंडूचा लांब हार, चाकाखाली लिंबू. लिंबू चिरडलं की नजर उतरली. मावसाजींच्या स्कूटरचा नंबर नंतर. पहिला मान जीपचा.

त्या दिवशी मावशीनं सकाळी सवयीनं हार ओवला. ओवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

"अगं बाई... हा तं जीपचा झाला."

स्कूटरला घालून पाहिला. हँडल वळेना.

"आई, वाया काहून घालवतं? माह्या गाडीले घाल," कुशल म्हणाला.

"तुही कोणती गाडी रे?"

त्यानं स्क्रीनकडे बोट दाखवलं.

मावशी घुटमळली. कम्प्यूटरला कुंकू लावायचंच होतं, मिक्सरलाही लावलं होतं. पण हाराकडे पाहून म्हणाली, "हे तेजरामचं होतं, बाबू."

"ते आता थोडीच घ्याले येतात!"

हे वाक्य कुशल बोलला. मी नाही. नोंद असू द्या.

मॉनिटरला हार पडला. काचेवर, बरोबर बोनेटच्या जागी, कुंकू लागलं. मग मावशी लिंबू हातात घेऊन उभी राहिली.

"चाक कुठं आहे याचं?"

कुशलनं दाखवलं. मावशीनं टेबलावर, बरोबर त्या चाकाच्या खाली लिंबू ठेवलं. हात जोडले. स्वयंपाकघरात गेली.

एक काचेतली गाडी. तिला हार, कुंकू, लिंबू. माझी सायकल बाहेर उन्हात, तिला झेंडूची एक पाकळी नाही. माझ्या मनात काय आलं ते मी इथे लिहीत नाही, घरचे लोकही वाचतात.

अन् तेवढ्यात लाइट गेली.

पंखा थांबला. यूपीएस ओरडायला लागलं... टीं... टीं... टीं...

"बंद कर," मी म्हटलं. "पाच मिनिटं चालते ते."

"एक रेस."

दुपार एकदम सामसूम. मावसाजी आत झोपलेले. रस्त्यावर कोणी नाही.

अन् स्क्रीनवर सावली पडली...

"भाऊ, सरका ना जरासे," कुशल मागं न पाहता म्हणाला.

सावली सरकली.

...

कुशलचा हात माऊसवर थांबला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खिडकीकडे कोणीच पाहिलं नाही. खर्र्याचा वास येत होता. ओला. ताजा.

"संक्या... तू सरकला का?"

"मी तं बाजूले बसलो आहो."

टीं... टीं...

मग यूपीएस गप्प झालं. ते गप्प झालं म्हणजे बॅटरी संपली. बॅटरी संपली की स्क्रीन काळी होते.

स्क्रीन चालूच होती.

तिच्यावर एक आव्हान आलं होतं. गाडीच्या बदल्यात गाडी. त्या गेममध्ये अशी रेस असायची, हरला त्याची गाडी जिंकणाऱ्याची. समोरच्याचं नाव यायचं त्या जागी काहीच नव्हतं. रिकामी पट्टी.

"नाही म्हण," मी कुजबुजलो.

पण कुशल कधी हरला नव्हता. अन् न हरलेल्या माणसाचं बोट डोक्याला विचारत नाही. त्यानं एंटर दाबलं.

बाजूला गाडी येऊन लागली.

पांढरी कमांडर.

डावा आरसा... ट्यूबनं बांधलेला.

ड्रायव्हरच्या जागी कोणी नव्हतं. मागं मात्र सवारी फुल्ल. दोघं पायदानावर लटकलेले. ज्या शहरात आम्ही इतके दिवस एक माणूस पाहिला नव्हता, तिथे एका म्हातारीच्या मांडीवर कोंबडी होती.

अन् स्पीकरमधून, ज्याला लाइटच नव्हती, हळू आवाज आला...

"वारासिवनी... वारासिवनी... वारासिवनी..."

रेस सुरू झाली.

कुशलची गाडी सुसाट निघाली. जीप आपल्या चालीनं. मला वाटलं, वाचलो. मागे वळून पाहायचं बटण त्यानं दाबलं, तर जीप चक्क थांबली होती. फुटपाथवर गाठोडं घेऊन कोणी उभं होतं, त्याला चढवत होती.

"पागल आहे," कुशल हसला. कोरडं हसला.

पुढचं वळण आलं. जीप आमच्या पुढे होती. थांबलेली. सवारी चढवत होती.

त्याच्या पुढच्या वळणावरही.

कुशलला घाम फुटला. ती गाडी त्यानं कित्येक महिने खपून सजवली होती. त्याच्याजवळ दुसरं काही असं नव्हतंच, ज्याच्यावर लोक जळतील.

शेवटचा फाटा आला. मी नकाशा पाहिला.

"डावी घे!"

"उजवी आहे."

"डावी आहे, कुशल! नकाशात दिसून राह्यली!"

"तू जळतं," तो ओरडला. "पह्यलेपासून जळतं! चुकीचं सांगून राह्यला मले!"

मी जळत होतो हे खरं. डावी होती हेही खरं.

त्यानं उजवी घेतली. पुढे भिंत होती.

गाडी मागे घेऊन, वळवून तो पोचला तेव्हा जीप आधीच लागलेली होती. सवारी उतरत होती. अंधारात, पायानं जमीन चाचपत. एक पाय लटकलेला, खाली टेकतच नव्हता...

अन् जीपच्या खाली लाइट लागली.

जांभळी.

सगळ्यांच्या चपला दिसल्या. मग लोक भराभर उतरले. म्हातारी उतरली. कोंबडी उतरली. सगळे गेल्यावर ड्रायव्हरच्या बाजूचं दार हलकेच उघडलं...

स्क्रीन काळी झाली.

पंखा गरगरला. लाइट आली होती.

कुशलनं गेम पुन्हा लावली. गॅरेज उघडलं. रिकामं. फरशीवर गाडीच्या आकाराची जागा, बस.

"हार कुठं गेला?" मी विचारलं.

मॉनिटरवर हार नव्हता. खाली पडला नव्हता. टेबलामागेही नव्हता.

लिंबू होतं. जागेवरच. पापडासारखं चपटं. रस टेबलावर पसरलेला, अन् सालीवर टायरची नक्षी उमटलेली. स्पष्ट.

मावशी चहा घेऊन आली. तिनं लिंबू पाहिलं. मॉनिटर पाहिला. मग कप खाली ठेवून ती खिडकीपाशी गेली. बाहेर कोणी नव्हतं. तरी तिनं डोक्यावर पदर घेतला अन् हात जोडले.

"चुकलं बाबा माह्यं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी सोनं वाटायला निघायचं होतं. खिशात आपट्याची पानं कोंबून मी सायकल काढायला गेलो. अंगणात जेमतेम अंधार पडत होता.

सायकलीखाली जमीन जांभळी दिसत होती.

मी सायकल उचलली. जांभळा उजेडही उचलला गेला. ठेवली. तोही बसला.

मागून आवाज आला, "कुठून लावली रे?"

कुशल होता. खिडकीचे गज धरून उभा, आतून. डोळे सायकलीवर. तो सूर मी लगेच ओळखला. रोज माझ्याच तोंडून निघायचा.

"अशीच," मी म्हटलं.

खोटं कशाला बोलू, त्या एका क्षणी मला अजिबात भीती वाटली नाही. फार छान वाटलं.

भीती नंतर आली.

दुसऱ्या दिवशी वसंता सायकलवाल्यानं सायकल उलटी करून पाहिली. वायर नाही, बल्ब नाही, सेल नाही. "दिवसा तं काही दिसून नाही राह्यलं," म्हणाला. अंधार पडल्यावर दिसली. तेव्हापासून तो माझं पंक्चर काढत नाही.

याला आता तीन वर्षं झाली. कुशल नागपूरला शिकतो. त्यानं मोटरसायकल घेतली आहे, तरी फोन केला की आधी विचारतो, "लाइट आहे का अजून?" मी हौ म्हणतो. तो फोन ठेवतो.

त्याला एक गोष्ट मी सांगितलेली नाही.

वारासिवनी रोडनं दिवेलागणीला येताना कधी कधी मागून जीपचा हॉर्न वाजतो. वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. हॉर्न जवळ येतो... बाजूला येतो... अन् माझ्याच वेगानं चालत राहतो. जणू विचारतोय, लावतो का?

नियम मला माहीत आहे. हरला त्याची गाडी गेली. अन् माझ्याजवळ हरायला ही एकच सायकल आहे.

म्हणून हॉर्न आला की मी उतरतो. सायकल हाती धरून चालायला लागतो. पायी चालणाऱ्याशी कोणी रेस लावत नाही.

खाली जांभळा उजेड पडलेला असतो. त्यात माझी चप्पल दिसते. झिजलेली, अंगठ्याला पिन लावलेली.

तिच्या शेजारी चपलांची आणखी एक जोडी चालत असते...

अन् ती माझ्या चपलेपेक्षा चांगली आहे.