तिसऱ्या तळ्यावरची जागा

दिनानाथने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच त्याला तोंडपाठ होतं. एकतीस वर्षांपूर्वी चामटोलीच्या सुदामनं, त्याच्या शाळूसोबत्यानं, पोस्टकार्ड टाकलं होतं: ‘डोंगरावर तिसऱ्या तळ्याशी तुझ्या नावानं गळाची काठी रोवली आहे. येणार नसशील तर कळव. मी बसतो.’

दिनानाथ तेव्हा अंबरनाथच्या एका वाचनालयात पुस्तकांवर क्रमांक घालायचा. पाण्याला तो भ्यायचा, आणि ते कबूल करायला त्याहून जास्त. सात मसुदे लिहिले, सातही फाडले. गप्प राहणं हाच सभ्य नकार, अशी त्यानं मनाची समजूत घातली. सुदाम त्या दिवाळीनंतर डोंगरावर गेला तो उतरलाच नाही. शोधायला गेलेले हात हलवत परत आले.

आता सहासष्टाव्या वर्षी दिनानाथ पाठीवर तंबू बांधून निघाला होता. सहा महिने रोज चालून पाय घडवले होते. सुदाम जिथं शेवटचा बसला ती जागा एकदा बघायची, एवढंच त्याला हवं होतं. वाट दाखवायला सुदामची धाकटी बहीण पुतळी होती. साठीची बाई, पण चढावर बोलायलाही थांबत नव्हती.

“भाऊ, पिशवीत एवढी पुस्तकं कशाला?”

“माशांची माहिती आहे त्यात.”

“माशांना हाय का तुमची?”

पहिल्या तळ्यावर त्यानं स्वतः गळ टाकला आणि हातभर मरळ काढली. पुतळीनं ती निखाऱ्यावर भाजली. दुसऱ्या तळ्याशी तंबू ठोकला. पाण्याची भीती कुठल्या कुठे पळाली होती.

दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात ते तिसऱ्या तळ्यावर पोचले. तळं लहान, कातळात कोरल्यासारखं. काठावर हातभर अंतरानं दोन काठ्या रोवलेल्या होत्या. एक कुजून काळी पडलेली. दुसरी हिरवी, बांबूच्या कापावर रस अजून ओला होता.

दिनानाथने हिरव्या काठीचं सूत ओढून पाहिलं. गळाला गांडूळ होतं. वळवळत होतं.

“वाडीतलं कोण येतं इथं?”

“कोन नाय येत.”

काळ्या काठीमागचं गवत दबलेलं होतं, माणूस मांडी घालून बसल्यासारखं. त्यानं हात टेकला. गवत ओलं होतं आणि कोमट. हिरव्या काठीमागचं गवत मात्र ताठ, कुणी न शिवलेलं.

“ती तुमची,” पुतळी म्हणाली. “आमच्यात काठी रोवली का वाट बघायची. यायचं नसंल तर मानूस तसं कळवतो. काय कळवलं नाय म्हंजे येतोय.”

“मी तर गप्प राहिलो…”

“तेच तर. म्हनून तो उठला नाय.”

दिनानाथचे गुडघे दुखू लागले. त्यानं पिशवी खाली ठेवली. ते ताठ गवत फार मऊ दिसत होतं. सूत आपोआप ताणलं गेलं. घटकाभर टेकावं.

पुतळीनं त्याच्या कमरेचा पट्टा धरून त्याला मागे खेचलं.

“बसू नका!”

“मी सांगतो त्याला. इथूनच सांगतो, की…”

“हितं नको. हितं येऊन नाय कसं म्हननार? खाली उतरा नि कळवा. त्यानं पत्रानं कळवलं तसंच.”

“पत्त्यावर माणूस नसताना पत्र जाणार कुठे?”

दबलेल्या गवतातली दोन पाती हळूच सरळ झाली आणि परत दबली.

उतरताना दिनानाथने मागे वळून पाहिलं नाही.

बदलापूरच्या पोस्टात त्यानं कार्ड घेतलं. मसुदा केला नाही.

‘सुदाम, मी पाण्याला भ्यालो होतो. सांगायची लाज वाटली. मी येणार नाही. ऊठ.’

पत्त्याच्या जागी लिहिलं: तिसरं तळं.

बाहेरच्या लाल पेटीत त्यानं कार्ड अर्धं सरकवलं. बोटांत धरून क्षणभर थांबला.

आतून कुणीतरी कार्डाला हलकेच दोन हिसके दिले.

दिनानाथने बोटं सैल सोडली.