म्हशीच्या सहवासात रोज वीस मिनिटं

शेवटी तुषार बोंगाळेच्या पतनोंदीवर 'निरंक' असा शिक्का बसला. एक रुपया देणं नाही, एक हप्ता थकलेला नाही, नावापुढे एकही लाल खूण नाही. आता हे विसरून जा. अजून असं काहीही घडलेलं नाही.

मार्चमधला शनिवार होता, दुपारचे चार वाजून दोन मिनिटं झाली होती आणि तुषार सांगलीत, विश्रामबागेतल्या स्वतःच्याच फ्लॅटच्या दारात उभा होता. प्रज्ञाने, म्हणजे त्याच्या बायकोने, दार उघडलं, "ये" म्हणायच्या आधी ओट्यावरचा टायमर एकोणीस मिनिटांवर लावला आणि मग म्हणाली, "ये."

"बाबा, पत्ते नको," पाच वर्षांची शर्वी आतूनच ओरडली. "मागच्या वेळी माझा डाव आला आणि तू निघून गेलास."

"मग काय खेळूया?"

"ज्यात लवकर हरता येतं असं काहीतरी."

तुषारच्या डाव्या मनगटावर राखाडी रंगाचा पतपट्टा होता. तो सगळ्यांच्याच मनगटावर होता. सहा वर्षांपूर्वी पतनोंद महामंडळाच्या यंत्राला एक शोध लागला होता. माणूस कर्ज बुडवणार की नाही, हे त्याच्या पगारावरून जितकं कळतं त्याच्या तिप्पट अचूक तो कुणाच्या शेजारी बसतो यावरून कळतं. तेव्हापासून हा पट्टा आला. पट्टा नाडीचे ठोके मोजायचा आणि सहा फुटांच्या आत दुसरे कुणाकुणाचे पट्टे आहेत हे टिपायचा. सलग वीस मिनिटं झाली की त्याची नोंद 'सहवास' अशी होई आणि एकाची पत दुसऱ्याला थोडीशी लागे, चांगली असो की वाईट. वीस मिनिटांच्या आत उठलं तर ती नुसती 'भेट'. भेटीला गुण नाहीत.

तुषारचा आकडा होता चारशे बारा, नऊशेपैकी. आईला दहा दिवस आयसीयूत ठेवलं होतं तेव्हा त्याने तीन क्रेडिट कार्डं घासली. आई दहाव्या दिवशी गेली, अकराव्या दिवशी बिल आलं. पुढे चार वर्षं तो दरमहा फक्त किमान देय रक्कम भरत राहिला, म्हणजे बादलीला भोक आहे हे माहीत असून नळ चालू ठेवत राहिला. मग वसुलीवाल्यांचा फोन आला. "साहेब, निम्मे भरा, विषय संपला." त्याने स्कूटर विकून निम्मे भरले आणि विषय संपला. फक्त नोंदीवर 'पूर्ण फेड' असं न येता 'तडजोड' असं आलं. तडजोड म्हणजे या माणसाने पैसे बुडवले, पण सभ्यपणे. तो डाग सात वर्षं राहतो.

आकडा साडेपाचशेच्या खाली असला की घरात राहणाऱ्यांचा आकडा रोज दोन गुणांनी घसरतो. म्हणून तुषार माधवनगर रस्त्याला खोली घेऊन राहत होता आणि आठवड्यातून तीनदा बायकोमुलीची भेट घेत होता.

"शाळेचं पत्र आलंय," प्रज्ञा म्हणाली. "दोघांची सरासरी साडेसहाशे हवी. माझे सातशे अठ्ठेचाळीस. तुझे धरून पाचशे ऐंशी होतात."

"म्हणजे मला किती पाहिजेत?"

"पाचशे बावन्न. मेअखेरपर्यंत. बावन्न झाले तर तिला प्रवेश मिळतो, आणि तू घरी येऊन राहू शकतोस." तिने टायमरकडे पाहिलं. "तेवढं कर काहीतरी. मला या टायमरवर वरण शिजवायचीसुद्धा भीती वाटायला लागलीय."

तुषार एका कंपनीतर्फे घरोघरी पाण्याचे फिल्टर दुरुस्त करायचा. असल्या कामात माणसाला सगळ्या गावाच्या भानगडी कळतात. तिसऱ्याच दिवशी मिरजेत त्याला अर्चना खोत भेटल्या.

अर्चनावहिनींचे सासरे तातोबा खोत पाटबंधारे खात्यात कारकून होते. तात्यांकडे चाळीस वर्षं क्रेडिट कार्ड होतं आणि बिल आलं की ते त्याच दिवशी भरायचे. एकदा बिल यायला उशीर झाला, तर तात्यांनीच बँकेला स्मरणपत्र पाठवलं होतं. तात्यांचा आकडा आठशे सत्त्याण्णव. तात्या दोन वर्षांपूर्वी वारले होते.

"वारले?" तुषार म्हणाला.

"हळू बोला की," वहिनी म्हणाल्या. "म्हशीला ऐकू जाईल."

ठोके थांबले की पतपट्टा आपोआप सुटतो. दहा मिनिटांच्या आत पुन्हा ठोके मिळाले, तर यंत्र 'पट्टा सैल झाला होता' अशी नोंद करून पुढे जातं. तात्या गेले त्या दुपारी घरातल्या प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचा पट्टा होता आणि रडून रडून प्रत्येकाचं काळीज धडधडत होतं. ऐंशी वर्षांच्या समाधानी माणसासारखे सावकाश ठोके फक्त गोठ्यात पडत होते. वहिनींनी तात्यांच्या पट्ट्याला सुतळी जोडून तो मैनेच्या, म्हणजे म्हशीच्या, पुढच्या पायाला बांधला. मैना रवंथ करत राहिली. नवव्या मिनिटाला यंत्राने तात्यांना बरं वाटत असल्याबद्दल अभिनंदनाचा संदेश पाठवला.

"पेन्शन चालू, बिल आपोआप भरलं जातं, आकडा तसाच," वहिनी म्हणाल्या. "आम्ही फसवणूक करत नाही हो. तात्या असते तरी बसूनच राहिले असते."

वीस मिनिटांचे दीडशे रुपये. रोज दोन गुण. तीस-एकतीस गिऱ्हाइकं होती. त्यात एक डॉक्टर होते, दोन बिल्डर होते आणि एक निवृत्त बँक मॅनेजर होते. ते मैनेला "तात्यासाहेब" म्हणत आणि येताना ढेप आणत. तुषार रोज संध्याकाळी पाच वाजता प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचा. मैना अधूनमधून त्याच्याकडे बघायची. इतक्या निर्विकारपणे त्याच्याकडे, एका कर्जदाराकडे, आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

आकडा खरोखर चढू लागला. एप्रिलमध्ये साडेचारशे, मग पाचशे. अंगाला शेणाचा वास यायचा, पण मिरजेत तोवर अशी वेळ आली होती, की शेणाचा वास येणाऱ्या माणसाला किराणावाला विचारल्याशिवाय उधार द्यायचा. अडुसष्टाव्या दिवशी तुषारचा आकडा पाचशे अठ्ठेचाळीस झाला. आणखी दोन दिवस, फक्त चार गुण. त्याने खोलीच्या मालकाला महिनाअखेरीची नोटीस दिली आणि प्रज्ञाला फोन केला. "परवा सामान घेऊन येतो." मग प्रज्ञा म्हणाली, "कपाटाचा डावा खण रिकामा करते."

त्याच दिवशी तात्यांचं वर्षश्राद्ध होतं, दुसरं.

श्राद्ध घरातल्या घरात, दार लावून उरकलं असतं. पण कवठ्याहून तात्यांच्या बहिणी आल्या आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाल्या, "म्हाताऱ्याचा चौकात एक बोर्ड नाही लावलात गं?"

"आत्या, बोर्ड नको," अर्चनावहिनी म्हणाल्या.

"त्या मार्केट यार्डातल्या पवाराच्या कुत्र्याच्या वाढदिवसाला बोर्ड लागतोय. आणि आमचा भाऊ काय वाऱ्यावर पडलाय?"

वहिनींनी रडवेल्या चेहऱ्याने पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या संग्रामला नगरसेवकाची निवडणूक लढवायची होती आणि तो अशा हाकेची वाटच बघत होता. "काकी, टेन्शन घेऊ नका. यंत्राला काय फ्लेक्स वाचता येतोय?"

संध्याकाळपर्यंत मिशन चौकात वीस बाय बाराचा फ्लेक्स लागला. वर 'द्वितीय पुण्यस्मरण', मध्ये तात्या, त्यांच्या शेजारी तात्यांपेक्षा मोठा, हात जोडलेला संग्राम. आणि खाली, संग्रामच्या मते माणुसकी म्हणून, गोठ्यात येणाऱ्या सगळ्या गिऱ्हाइकांचे गोल गोल फोटो. पैसे भरताना दिलेल्या ओळखपत्रावरून उचललेले. वर लिहिलं होतं 'शोकाकुल'.

यंत्राला फ्लेक्स वाचता येत होता. बेकायदा फलक शोधायला पालिकेने चौकात कॅमेरा बसवला होता आणि चेहरे ओळखायला तो महामंडळाच्या यंत्राची मदत घेत असे. यंत्राने 'पुण्यस्मरण' हा शब्द वाचला, चेहरे मोजले आणि तात्या, संग्राम आणि एकतीस गिऱ्हाइकं अशा तेहतीस जणांची मृत्यूची नोंद एका झटक्यात केली. शोक कोण करतंय आणि शोक कुणाचा होतोय, हा फरक त्याला कुणी शिकवला नव्हता. संग्रामचा फोटो सगळ्यात मोठा असल्यामुळे त्याची नोंद दोनदा झाली. मयत तात्यांचा पट्टा अजून चालू कसा, हे बघायला महामंडळाची माणसं रात्रीच गोठ्यात पोचली.

सकाळी तुषारच्या पट्ट्यावर दोन ओळी आल्या. 'आपले सर्व देणे निरंक. आपल्या आत्म्यास शांती लाभो.' कंपनीने त्याचा पगार थांबवला आणि हारासाठी पाचशे रुपये पाठवले.

तो पतनिवारण केंद्रात गेला. खिडकीपलीकडे म्हेत्रे मॅडम बसल्या होत्या.

"मॅडम, मी जिवंत आहे."

"ते दिसतंय. पण दिसण्याला आमच्याकडे रकाना नाही."

"मग हा पट्टा तरी काढा. मेलेल्या माणसाला कशाला?"

"मयताचा पट्टा आपोआप सुटतो."

"सुटत नाहीये. माझे ठोके चालू आहेत."

"तुम्ही मयत आहात, मग ठोके तुमचे कसे असतील?" मॅडमनी चहाचा घोट घेतला. त्यांच्या आवाजात कुठेही दुष्टपणा नव्हता. "माणूस मयत आणि पट्टा चालू, म्हणजे पट्टा कुणीतरी लाटलाय. त्या म्हशीपासून हा नियम कडक झालाय. तुमच्या सहा फुटांत वीस मिनिटांपेक्षा जास्त जो बसेल तो संशयित. त्याची सगळी खाती गोठतात."

"म्हणजे मेलो तरी एकोणीसच मिनिटं?"

"जिवंत व्हायचं असेल तर अर्ज भरा. सात-आठ महिने लागतात. पण ऐका, म्हशीचे गुण जप्त झालेत. जिवंत झालात तर चारशे बारापासून सुरुवात."

"आणि बायकोचा आकडा? आता किती धरतात?"

मॅडमनी पडद्यावर पाहिलं. "विधवा. एकटीचाच धरायचा. सातशे अठ्ठेचाळीस."

तुषारने वळून पाहिलं. मागे रांगेत डॉक्टर होते, बिल्डर होते आणि बँक मॅनेजर होते. सगळे आपापलं जिवंतपण हातात धरून उभे होते. म्हेत्रे मॅडमनी पुढे वाकून आवाज खाली आणला.

"शाळेचं आहे का काही?"

"पहिलीचा प्रवेश."

"मग आधी प्रवेश घेऊन टाका. जिवंत व्हायची घाई करू नका. माझ्या भावाने केली होती." त्या पुन्हा ताठ बसल्या. "मी असं म्हणाले हे कुणाला सांगू नका. अर्थात, तुमचं आता कोण ऐकणार?"

शर्वीला प्रवेश मिळाला. जूनच्या दुसऱ्या शनिवारी तुषार आला तेव्हा ती निळ्या पिनाफोरमध्ये सोफ्यावर उभी होती आणि खाली उतरायला तयार नव्हती. प्रज्ञाने टायमर लावला. यावेळी लावताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"फॉर्मवर वडिलांच्या नावाआधी काय लिहायचं ते मी लिहिलं," ती म्हणाली. "हात थरथरेल असं वाटलं होतं. थरथरला नाही. त्याचंच वाईट वाटलं."

"बरं केलंस."

"पालकसभेला मंगळसूत्र काढून गेले. येताना रिक्षात परत घातलं. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला काय वाटलं असेल रे?"

तुषार म्हणाला, "कपाटाचा डावा खण रिकामाच आहे का?"

"आहे."

"त्यात तिची वह्यापुस्तकं ठेव."

प्रज्ञाने मान हलवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. शर्वी सोफ्यावरून उतरून त्याच्या शेजारी येऊन बसली. "बाबा, बाई म्हणाल्या तू देवाघरी गेलास. मी म्हटलं नाही, माधवनगरला."

"मग बाई काय म्हणाल्या?"

"गप्प बस म्हणाल्या."

टायमर वाजला. तो उठला, चपला घातल्या आणि खोलीवर जाऊन त्याने अर्ज लिहिला. छापील नमुना नव्हता, म्हणून कोऱ्या कागदावर.

प्रति,
मा. संचालक, पतनोंद महामंडळ.

विषय : मयत व्यक्तीस सहवासाची मुदत वाढवून मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार कै. तुषार दिनकर बोंगाळे, वय वर्षे चौतीस (मृत्यूसमयी), अर्ज करतो की, माझ्या मृत्यूबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. सदर नोंद कायम ठेवण्यास माझी पूर्ण संमती असून मला पुन्हा जिवंत करण्याची कार्यवाही कृपया करू नये. तथापि, माझी मुलगी कु. शर्वी ही जेवायला अत्यंत हळू आहे. तिला वरणभात संपवण्यास चाळीस मिनिटे लागतात, व शेजारी कोणी न बसल्यास ती उठून जाते. विद्यमान नियमानुसार मला अर्ध्या भातावरच उठावे लागते. तरी सदर मयतास आठवड्यातून एक दिवस, फक्त एका जेवणापुरते, मुलीचे ताट रिकामे होईपर्यंत तिच्या शेजारी बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती. आवश्यक वाटल्यास त्या वेळेत माझे ठोके आपल्या प्रतिनिधीने समक्ष येऊन मोजावेत व ते कोणाचे आहेत हे लेखी कळवावे.