येमुल बोळाची वीण

सकाळी सातला अंबूबाई गड्डम एका घरात दात घासत, दुसऱ्या घरात चहा पीत आणि तिसऱ्या घरात जाऊन विड्या वळायला बसत. सोलापूरच्या येमुल बोळात याचं कोणालाच काही वाटत नसे. उंबऱ्याखालची बोटभर चकती मात्र प्रत्येक वेळी त्यांची पावलं ओळखून नोंद करी: घरातली व्यक्ती. सगळा घोटाळा तिथे होता.

त्या चकतीचं नाव वीणमापक. प्रत्येकाच्या चालीची जमिनीतली कंपनं वेगळी असतात, त्यावरून कोण कोणाकडे जातं हे तिला कळे. परका माणूस उंबऱ्याशी क्षणभर थांबतो, घरचा थांबत नाही. थांबून आत गेलेला शेजारी म्हणजे एक धागा, आणि अशा धाग्यांवरून वस्तीची वीण ठरे. शहराच्या नव्या आराखड्यानुसार ज्या वस्तीची वीण साठच्या वर, ती जशीच्या तशी जपायची, तिथली गटारं, नळ, भिंती दुरुस्त करायच्या. साठच्या खाली असेल ती पाडायची आणि मनोरे बांधायचे. बुलडोझरपुढे शेजारपण मोजून दाखवता यावं म्हणून पालिकेची नगररचनाकार वैजयंती शेटे अकरा वर्षं भांडली होती, तेव्हा कुठे हा नियम झाला होता. आणि येमुल बोळाची वीण आली सात. करायला गेली गणपती आणि झाला मारुती.

वैजयंती स्वतः बोळात गेली तेव्हा तिला अर्ध्या तासात उलगडा झाला. खोलीएवढी एकेचाळीस घरं. हातमागाच्या काळात जागा पुरेना म्हणून लोकांनी वाटणी केली होती: एका घरात माग, दुसऱ्यात चूल, तिसऱ्यात अंथरुणं. माग गेले, पण सवय राहिली. यंत्राला वाटलं, इथे नऊच कुटुंबं आहेत, ती एकमेकांकडे फिरकत नाहीत आणि उरलेली बत्तीस घरं जादाची आहेत.

तिने हे आराखड्याच्या समितीपुढे मांडलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे बत्तीस घरं जादाची आहेत, हे तुम्हीच सांगताय.”

“जादाची नाहीत, साहेब. ती सगळ्यांची आहेत.”

“‘सगळ्यांची’ असा रकाना अर्जात नाही, बाई. नियम तुम्हीच लिहिलात. एकवीस दिवसांनी फेरमोजणी घेऊ, त्याहून जास्त काही माझ्या हातात नाही.”

दुसऱ्या दिवशी बोळात उभं राहून बोलताना वैजयंतीला स्वतःची लाज वाटत होती. “एकवीस दिवस ज्याने त्याने आपल्याच घरात राहायचं, तिथेच रांधायचं. दुसऱ्याकडे जाताना उंबऱ्याशी थांबायचं. आतून ‘या’ म्हटल्यावरच पाऊल टाकायचं.”

“पाव्हण्यावानी?” अंबूबाईंनी विचारलं. त्या एकाहत्तर वर्षांच्या, कागदोपत्री एकट्या. “माज्या घरात काय हाय बाई? नऊ वर्सं झाली, तिथं चूल पेटली न्हाई.”

“मी डबा आणून देते की, आत्या,” क्यातमांची सून सुजाता म्हणाली. “त्याचा बी धागा होईल.”

पहिले चार दिवस हसण्यात गेले. कोणी विसरून आत शिरला की त्याला मागे ओढून पुन्हा उंबऱ्याशी उभं करत. दुसऱ्या आठवड्यात हसू थांबलं. आकडा एकतीस झाला, मग अठ्ठेचाळीस. अंबूबाई भिंतीकडे तोंड करून डबा खात आणि अर्धा परत पाठवत. वैजयंती रोज फेरी मारी आणि आकडा वाढलेला पाहून तिला रडू येई. एकदा सुजाताने तिला बाजूला घेतलं. “मॅडम, खोटं कशाला बोलू? लग्नाला सहा वर्षं झाली, दार लावून पहिल्यांदाच झोपले. बरं वाटलं.”

एकविसाव्या दिवशी वीण त्र्याऐंशी झाली. संरक्षणाचं पत्र घेऊन वैजयंती धावतच आली. बोळात अंबूबाई एकट्याच बसल्या होत्या.

“वाचला बोळ,” ती म्हणाली. “आता पूर्वीसारखं राहा सगळे.”

“पुन्हा मोजणार न्हाईत?”

वैजयंतीने हातातल्या पत्राकडे पाहिलं. दर वर्षी फेरमोजणी, साठच्या खाली गेल्यास संरक्षण रद्द. कोणी तात्पुरती बनवाबनवी करू नये म्हणून हे कलम तिनेच हट्टाने घातलं होतं.

“दर वर्षी,” ती म्हणाली. “पण आज मोजणी नाही, अंबूबाई. आज जा कुठेही.”

अंबूबाई उठल्या आणि क्यातमांच्या घरापाशी गेल्या. दार लोटलेलं होतं. उंबऱ्याशी येऊन त्या थांबल्या. वैजयंती पाहत राहिली, पण त्यांचं पाऊल पुढे पडेना. शेवटी त्यांनी दारावर बोटांनी हलकेच वाजवलं.

“कोण आहे?” आतून सुजाताने विचारलं.

अंबूबाईंनी मागे वळून वैजयंतीकडे पाहिलं.

“काय सांगू बाई?” त्या हळूच म्हणाल्या. “मी कोण हाय म्हनून सांगू?”