गुरुवारची झोप

"पेन्सिल आहे?"

मैदानाच्या फाटकाशी, फलकासमोर उभ्या असलेल्या तरुणाने खिशातून पेन्सिल काढून दिली. तिने त्याच्याकडे नीट पाहिलंही नाही. एका बुटाची नाडी सुटलेली, केसांचं रबर दातांत धरलेलं, आणि सराव सुरू व्हायला चारच मिनिटं उरलेली. फलकावर प्रत्येक खेळाडूचा एकेक तक्ता लावलेला होता. झोप, थकवा, अंगदुखी, ताण, मन असे पाच रकाने. रोज सकाळी प्रत्येक रकान्यात एक ते पाच यांतला एक आकडा लिहायचा. एक म्हणजे वाईट, पाच म्हणजे उत्तम.

तिने सोमवारच्या ओळीत पाच वेळा पाच लिहिले. मग मंगळवारच्या. मग बुधवारच्या. भराभर शनिवारपर्यंत पोचून तिने पेन्सिल परत केली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "गुरुवारी झोप कशी लागणार, हे सोमवारीच कसं कळलं तुम्हाला?"

"मला छानच लागते."

"आणि शुक्रवारचं मन?"

"तेही छानच असणार. पण तुम्हाला काय करायचंय? कोण तुम्ही?"

"हे तक्ते वाचायला ज्याला ठेवलंय ना, तो. आजपासून."

तेवढ्यात सरांची शिट्टी वाजली आणि ती पळाली. पळता पळता एकदा वळून बघितलं, तर तो तिचा तक्ता फलकावरून काढत होता.

मैदानावर सगळे तिला भिंगरी म्हणत. ती बावीस वर्षांची होती आणि दीड हजार मीटर धावायची. आठ आठवड्यांनी निवड चाचणी होती. पहिल्या चौघी संघात जाणार होत्या. तेवीसच्या आतल्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. मागच्या वर्षी ती पाचवी आली होती, चौथीच्या अगदी हातभर मागे.

दुसऱ्या दिवशी तिच्या तक्त्याच्या जागी कागदाची एक पट्टी लटकत होती. त्यावर एकच ओळ, मंगळवारची.

"बाकीचा आठवडा कुठे गेला, मोजणीसाहेब?"

"माझ्याकडे आहे. रोज एक ओळ मिळेल."

"शिक्षा आहे का ही?"

"छे. त्या निमित्ताने तुम्ही रोज भेटाल..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे, तक्ता भरायला."

"हो हो, तक्ता भरायला," ती गंभीरपणे म्हणाली, आणि पाच पाच लिहून निघून गेली. त्या दिवशी तिने नाडी मात्र दोनदा बांधली. दोन्ही वेळा फलकासमोरच.

असे दिवस चालले. त्याने पट्टी लावायची, तिने पाच लिहायचे.

"इतके सारखे आकडे दगडाचे येतात," तो एकदा म्हणाला.

"दगड दीड हजार मीटर पळतो का?"

"त्याचंही मी ऐकून घेतलं असतं. निदान तो खोटं तरी लिहीत नाही."

ती हसली, पण ते हसू लवकर विरलं. कारण ती खरंच खोटं लिहीत होती. सरांनी दिलेला सराव संपला की संध्याकाळी ती घराजवळच्या रस्त्यावर आणखी सहा किलोमीटर पळायची. कुणाला न सांगता. ती हातभर जागा तिला भरून काढायची होती. आता आठवडाभर तिची उजवी नडगी दुखत होती.

घरी बाबांच्या ते लक्षात आलं. बाबा रंगारी. भिंतीवरचा केसाएवढा तडाही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कामाला निघताना हातातला ब्रश तसाच धरून ते जिन्याखाली थांबले.

"अशी आडव्या पावलांनी काय उतरतेस?"

"सवय आहे, बाबा."

"कधीपासून?"

ती नाडी बांधायला खाली वाकली.

"रंगाचा पहिला हात ओला असताना मी कधी दुसरा मारलाय का गं?" एवढंच विचारून ते गेले.

त्या सकाळी तिने अंगदुखीच्या रकान्यात दोन लिहिला. मग तो खोडून त्यावर पाच लिहिला.

"खालचा दोन दिसतोय," मागून आवाज आला.

"तुमची नजर फार वाईट आहे."

"दुखतंय कुठे?"

"नडगी. थोडीशी."

"तळहाताएवढ्या भागात की अंगठ्याएवढ्या?"

"अंगठ्याएवढ्या. एकाच जागी."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. तो फलकाजवळच्या बाकावर बसला आणि त्याने तिलाही बसायची खूण केली.

"पळताना हाडावर भार येतो, तेव्हा ते थोडं थोडं झिजतं. मग आपण झोपतो, विसावतो, आणि ते स्वतःची डागडुजी करतं. आधीपेक्षा मजबूत होतं. पण त्याला वेळच दिला नाही तर... तुम्ही किती पळताय? खरं सांगा."

तिने सांगितलं. संध्याकाळचे सहा किलोमीटरसुद्धा.

"हे सरांना कळायला हवं."

"नका ना सांगू," ती पटकन म्हणाली. "सर मला थांबवतील. माझं शेवटचं वर्ष आहे हे."

"म्हणून तर. आज थांबलात तर बहुतेक तीन आठवडे जातील. तसंच पळत राहिलात आणि ते मोडलं, तर चाचणी विसराच." तो उठला. "मी नाही सांगत. तुम्ही सांगा. मी शेजारी उभा राहतो."

आणि तो खरंच शेजारी उभा राहिला. सर आधी तिच्यावर चिडले. मग स्वतःवर चिडले, की आपल्याला कसं दिसलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी तपासणी करवून घेतली. हाड मोडलेलं नव्हतं, थकलेलं होतं. तीन आठवडे पळणं बंद, मग हळूहळू सुरू.

"आणि तोपर्यंत काय करू? माशा मारू?"

"पाण्यात पळ," मॅडम म्हणाल्या.

म्हणून ती रोज तरणतलावात, कमरेला फोमचा पट्टा बांधून, पाय तळाला न टेकवता पळू लागली. मोजणीसाहेब काठावर घड्याळ घेऊन बसत. निळ्या फरशीवर ऊन हलायचं. पाण्याला औषधाचा वास यायचा. ती जिवाच्या आकांताने हातपाय मारायची, आणि वीतभरही पुढे सरकायची नाही.

"दहा मिनिटं पळतेय," ती धापा टाकत म्हणाली, "आणि अजून तुमच्यासमोरच आहे."

"माझी काही तक्रार नाही."

तिने त्याच्या अंगावर ओंजळभर पाणी उडवलं. त्याने आधी घड्याळ वाचवलं, मग तो स्वतः भिजला.

आता ती खरे आकडे लिहायची. झोप तीन. ताण दोन. अंगदुखी दोन, मग तीन, मग चार. फक्त मनाचा रकाना दर दिवशी पाच असायचा. आणि तोही खराच होता.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी काठावर डॉक्टर मॅडम बसलेल्या दिसल्या.

"ते कुठे आहेत?"

"तुझा तक्ता यापुढे मी बघणार आहे. त्याने तशी विनंती केली."

"का?"

"ते त्यालाच विचार."

विचारणार कुणाला? तो बाकीच्या खेळाडूंचे तक्ते बघायचा, पण ती दिसली की फलकामागे जायचा. ती पुन्हा मैदानावर धावू लागली. आधी पाच मिनिटं, मग दहा, मग पूर्ण सराव. नडगी गप्प होती. मनाच्या रकान्यात मात्र तिने दोन लिहिला, आणि तो खोडला नाही.

चाचणीच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. तिसऱ्या फेरीपर्यंत ती सहावी होती. शेवटच्या वळणावर पाय हलके वाटले. इतके हलके गेल्या वर्षी नव्हते. एक मागे पडली, मग दुसरी... रेषेवर तिने छाती पुढे झोकली.

चौथी.

सरांनी टोपी हवेत उडवली. बाबा कुंपणापलीकडे रंगाच्या डागांचा शर्ट घालून उभे होते आणि डोळे पुसत होते. आणि त्यांच्यापासून चार पावलांवर तो होता. हातात घड्याळ नाही, वही नाही.

ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. अजून धाप लागलेली.

"तक्ता का सोडला?"

"अभिनंदन आधी..."

"तक्ता का सोडला?"

त्याने खाली बघितलं. "तुम्ही अंगदुखीत तीन लिहिलं होतं. मी वहीत चार उतरवलं. संध्याकाळी ताळा केला तेव्हा कळलं. मुद्दाम केलं नव्हतं. मला ते चार हवं होतं म्हणून मला चार दिसलं." त्याने वर बघितलं. "उद्या याच चुकीने मी तुम्हाला लवकर पळवलं असतं. माणूस आवडायला लागला की त्याचे आकडे नीट वाचता येत नाहीत मला."

"म्हणजे?"

"म्हणजे... आवडता तुम्ही मला. चाचणीआधी सांगून तुमचा ताण वाढवायचा नव्हता."

"न सांगून कमी झाला होता का?" ती म्हणाली. "दोन लिहीत होते मी. मनाला. रोज."

"मॅडमनी सांगितलं नाही मला."

"तुम्हाला सांगायचंच नव्हतं ना." तिने हात पुढे केला. "पेन्सिल आहे?"

ती त्याच्या खिशात होतीच. तिने छातीवरचा क्रमांकाचा कागद सोडवला, उलटा केला आणि कुंपणाच्या खांबावर धरून सात ओळी आखल्या. सोमवार, मंगळवार, थेट रविवारपर्यंत. प्रत्येक ओळीत एकच रकाना, मन. सगळीकडे पाच.

तो खांद्यावरून वाचत होता. "गुरुवारचं आजच कसं कळलं तुम्हाला?"

"गुरुवारी तू भेटणार आहेस," ती म्हणाली, आणि पेन्सिल स्वतःच्याच केसांत खोचून बाबांकडे निघाली. "चल. ओळख करून देते."