एका मांजरीचे एकोणीस रॅम्प

"काम पूर्ण! म्हणे काम पूर्ण!" भिंगरीने मोबाइल ढापण्याच्या नाकासमोर नाचवला. "डोळे आहेत की बटणं यांना?"

ग्रंथालयाच्या दारात ढापण्या आणि गोटू उभे होते. भिंगरी तिच्या चाकाच्या खुर्चीत होती, पण एका जागी पाच मिनिटं टिकेल तर शपथ! म्हणून तर ती भिंगरी. ढापण्या तिच्या वर्गातला आणि बिस्किटं खाणारा गोटू तिचा धाकटा भाऊ. समोरचा रॅम्प मधोमध खचलेला, गज बाहेर आलेले. आणि नगरपालिकेचं तक्रारीचं अ‍ॅप तिसऱ्यांदा सांगत होतं, की तो दुरुस्त झाला! वर फोटोही होता.

"आज सोमवार. शनिवारी इथे बुद्धिबळाची स्पर्धा," भिंगरी म्हणाली.

"आम्ही उचलून नेऊ की तुला!" ढापण्या म्हणाला.

"मी काय कपाट आहे? गेल्या वर्षी चौघांनी उचललं, तर सगळे आपापला डाव सोडून माझ्याकडेच बघत बसले. रडूच आलं मला. पहिलाच डाव हरले! जाईन तर माझ्या चाकांवर, नाहीतर नाहीच."

गोटू फोटोत डोकं घालून बसला होता.

"ताई, मांजर चाललीय बघ सिमेंटवरून! चार पावलं सरळ आणि पाचवं घसरलंय."

भिंगरीने आधीचे दोन फोटो उघडले. तीच पावलं! अ‍ॅपवर सगळ्यांच्या तक्रारी दिसत. पोस्ट ऑफिसचा रॅम्प, दवाखान्याचा, बागेचा... एकोणीस ठिकाणी 'काम पूर्ण' आणि एकोणीस ठिकाणी घसरलेलं पाचवं पाऊल!

"या मांजरीला दुसरं कामच नाही वाटतं!" गोटू म्हणाला.

"पण ते रॅम्प खरे कसे आहेत, कोण बघणार? आपण हिंडत बसलो तर सुट्टी संपेल," ढापण्या कुरकुरला.

"आपण कशाला हिंडायचं? तिथे माणसं राहतात की!"

भिंगरीने इंटरनेटवर सगळ्यांना भरता येईल असा नकाशा बनवला आणि त्यावर एकोणीस लाल ठिपके दिले. खाली लिहिलं, 'तुमच्या जवळच्या रॅम्पचा आजचा फोटो टाका. मांजरीची पावलं दिसली तर नक्की कळवा!' आईने तो इमारतीच्या ग्रुपवर पाठवला, रोज टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनकाकांनी त्यांच्या ग्रुपवर.

तासभर काहीच नाही.

"हसं होणार आपलं," ढापण्या पुटपुटला.

तेवढ्यात मोबाइल वाजला! बाळाची गाडी ढकलणाऱ्या एका बाईंनी दवाखान्याचा फुटका रॅम्प पाठवला होता. मग काठी टेकत चालणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी बागेचा. त्यांनी लिहिलं होतं, 'चार वर्षं तक्रार करतोय. वाटायचं, मी एकटाच ओरडतोय.'

मंगळवारी संध्याकाळपर्यंत अठरा फोटो जमले. अठराही रॅम्प मोडके! एकोणिसावा पोस्टमनकाकांनी पाठवला आणि तिघांनी एकदमच आरोळी ठोकली. पावलं सापडली होती!

बुधवारी भिंगरी बांधकाम खात्याच्या दारातला गुळगुळीत रॅम्प सर्रकन चढून गेली. मागे मास्तर, बाळाच्या बाई आणि पोस्टमनकाकाही होते.

"सगळे रॅम्प झालेत! फोटो आहेत माझ्याकडे!" बाहेर येत खात्याचे साहेब गरजले.

"हो ना, साहेब," भिंगरी अगदी गरीब चेहरा करून म्हणाली. "हा फोटो ग्रंथालयाचाच ना?"

"अर्थात! मी स्वतः मंजूर केलाय."

"मग ग्रंथालय तुमच्या दारात कधी आलं?"

साहेबांनी खाली पाहिलं. त्यांच्या बुटांशेजारी चार पावलं सरळ होती आणि पाचवं घसरलेलं!

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आतून कारकून धावत आले. "साहेब, फोटो लावल्याशिवाय अ‍ॅप तक्रार बंदच करू देत नाही! आणि चांगला फोटो हा एवढाच होता हो..."

सगळे खो खो हसले. मास्तरांनी मात्र मोबाइलवरचा नकाशा साहेबांपुढे धरला आणि साहेबांनी अठराही ठिपके एकेक करून बघेपर्यंत खाली घेतला नाही.

"उद्या ग्रंथालय," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "बाकीचे सतरा महिन्याभरात."

"आणि झाल्याचे फोटो आम्ही टाकू!" बाळाच्या बाई म्हणाल्या.

गुरुवारी गवंडीकाका ओल्या सिमेंटवर शेवटचा हात फिरवत होते, तेव्हा साहेब स्वतः आले. जरा ओशाळून म्हणाले, "बेटा, कडेला तुझं चाक टेकव बरं. म्हणजे हा फोटो दुसरीकडे कुठे लावता येणार नाही. शाबास गं! आमचंच काम तुम्ही आम्हाला शिकवलंत."

"चार वर्षांत मला जमलं नाही, ते पोरांनी तीन दिवसांत केलं!" मास्तरांनी गोटूच्या पाठीवर अशी थाप मारली, की त्याचं बिस्किटच पडलं.

शनिवारी भिंगरी आपल्या चाकाच्या खुणेजवळून रॅम्प चढली आणि थेट दालनात शिरली. सगळे पटावर डोकं घालून बसले होते. कुणी मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही!

भिंगरीने खुशीत आपलं पहिलं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.